कोफॅक्टर फिरवायचा आणि धरूनही ठेवायचा: एन्झाइमचा कॉलम सलग चालवताना

पेनिसिलिन-जी ॲसायलेज हे एन्झाइम मण्यांवर बांधायचं आणि त्यातून ६-एपीए, म्हणजे नव्या पेनिसिलिनांचा कच्चा माल, काढायचं, हे आपल्याकडच्या औषध उद्योगाला जुनं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या एन्झाइमवर बरंच काम झालं. त्या एन्झाइमला सब्स्ट्रेटखेरीज, म्हणजे ज्याचं रूपांतर करायचं त्या पदार्थाखेरीज, फक्त पाणी लागतं, आणि पाणी फीडमध्ये, म्हणजे आत सोडलेल्या द्रावणात, असतंच. म्हणून त्या मण्यांचा कॉलम (उभी नळी) बांधला, भरला, चालू केला की महत्त्वाचं काम झालं.

अडचण सुरू होते ती ऑक्सिडेशन-रिडक्शन करणाऱ्या एन्झाइमांपाशी. कीटोनपासून कायरल अल्कोहोल करणारं कीटोरिडक्टेज प्रत्येक रेणूमागे एनएडीएच किंवा एनएडीपीएचचा एक रेणू वापरतं. हे कोफॅक्टर, म्हणजे एन्झाइमला हायड्रोजन पुरवणारे मदतनीस रेणू; वापरले की त्यांचे एनएडी आणि एनएडीपी होतात. कोफॅक्टर मोलला मोल घालत बसलात तर उत्पादनापेक्षा तोच महाग पडेल. म्हणून वापरलेला कोफॅक्टर जागच्या जागी पुन्हा रिड्यूस करायचा. बॅचमध्ये एवढं जमलं की पुरतं, कारण भांड्याचं झाकण बंद असतं. कॉलममध्ये मात्र कोफॅक्टर फीडबरोबर आत येतो आणि काही मिनिटांत उत्पादनाबरोबर बाहेर पडतो. तो फिरवणं हा एक प्रश्न आणि आत धरून ठेवणं हा दुसरा. माझ्या अनुभवात लोक पहिल्यावर महिनोन्‌महिने घालवतात आणि दुसऱ्याचा विचार कॉलम पॅक झाल्यावर करतात. हा लेख दोन्ही एकत्र धरून लिहिला आहे.

उदाहरण शिकायला सोपं घेऊ: ॲसिटोफेनोनपासून (आर)-१-फिनाइलइथेनॉल, लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसचं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आणि कोफॅक्टर एनएडीपी.

आधी कागदावरचा हिशेब

पंपाला हात लावण्याआधी हा हिशेब करा. १० मिलीचा पॅक केलेला कॉलम धरा. मण्यांमधली मोकळी जागा साधारण ४० टक्के, म्हणजे ४ मिली. फीडचा वेग मिनिटाला ०.२ मिली ठेवला तर द्रव साधारण २० मिनिटं आत राहतो. फीडमध्ये २० मिलीमोलर ॲसिटोफेनोन असेल आणि ते सगळं बदललं, तर मिनिटाला ४ मायक्रोमोल उत्पादन मिळतं. दिवसाला ५.७६ मिलीमोल, म्हणजे सुमारे ०.७ ग्रॅम. दर लिटर कॉलममागे दिवसाला ७० ग्रॅम.

आता कोफॅक्टरकडे पाहा. फीडमध्ये ०.१ मिलीमोलर एनएडीपी ठेवला तर दिवसाला २८८ मिली फीडबरोबर २८.८ मायक्रोमोल, म्हणजे सुमारे २१ मिलिग्रॅम वाहून जातो. एका रेणूने बाहेर पडण्याआधी २०० फेऱ्या केल्या. एकूण फेऱ्यांचा हा आकडा कोफॅक्टरचा खर्च ठरवतो: कोफॅक्टरच्या एका मोलची किंमत भागिले फेऱ्या, म्हणजे उत्पादनाच्या एका मोलवर पडणारा खर्च.

समजा कोफॅक्टर ग्रॅमला १,००० रुपयांना पडतो. एनएडीपीचा रेणूभार सुमारे ७४३, म्हणून मोलला ७.४३ लाख. २०० फेऱ्या झाल्या तर उत्पादनाच्या किलोमागे नुसत्या कोफॅक्टरचे तीस हजारांवर रुपये गेले. तोच कोफॅक्टर कॉलममध्येच थांबला, सुरुवातीला भरलेल्या ५ मायक्रोमोलवर कॉलम दहा दिवस चालला आणि काही गळलं नाही, तर फेऱ्या होतात सुमारे ११,५००, आणि किलोमागे खर्च सव्वापाचशेच्या आसपास येतो. तुमच्या पुरवठादाराचा दर घालून हा हिशेब पुन्हा करा. धरून ठेवण्याच्या खटाटोपाला किती पैसे आणि किती महिने द्यायचे, ते यातून कळतं.

फिरवणारा जोडीदार निवडणं

तुमचं एन्झाइम एनएडी घेतं की एनएडीपी, हे आधी पक्कं करा. कॅटलॉगवर विसंबू नका, क्युवेटमध्ये (प्रकाश किती शोषला जातो ते मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) दोन्ही घालून बघा.

सर्वांत साधा मार्ग आयसोप्रोपेनॉलचा. ब्रेव्हिसचं एन्झाइम स्वतःच आयसोप्रोपेनॉलचं ॲसिटोन करतं आणि त्यात एनएडीपीएच परत मिळतो. म्हणजे एकच एन्झाइम, एकच बांधणी, आणि क्षार तयार होत नाहीत. शिवाय पाण्यात जेमतेम विरघळणारं ॲसिटोफेनोन आयसोप्रोपेनॉलमुळे नीट विरघळतं. अडचण समतोलाची आहे: अभिक्रिया उलटही चालते, म्हणून आयसोप्रोपेनॉल भरपूर जास्त लागतं. ५ टक्के म्हणजे साधारण ०.६५ मोलर, २० मिलीमोलर कीटोनच्या तिसाहून अधिक पट. आमच्या उदाहरणाला तेवढं पुरतं. कीटोन दाट हवा असेल तर ॲसिटोन साचतं आणि गाडी अडते.

तिथे ग्लुकोज डिहायड्रोजिनेज कामी येतं. बॅसिलसमधून मिळणारं हे एन्झाइम एनएडी आणि एनएडीपी दोन्ही घेतं, चपळ आहे, आणि ग्लुकोनोलॅक्टोनचं पाण्यात ग्लुकोनिक ॲसिड झालं की मागे फिरणं जवळजवळ संपतं. कोलेस्टेरॉलवरच्या ॲटोरव्हास्टॅटिन या औषधाच्या मधल्या रसायनासाठी कोडेक्सिस या अमेरिकी कंपनीने कीटोरिडक्टेजबरोबर हीच जोडी वापरली. त्या प्रक्रियेला २००६ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. पण उत्पादनाच्या प्रत्येक मोलमागे एक मोल ॲसिड तयार होतं. बॅचमध्ये पीएचचा इलेक्ट्रोड आणि अल्कलीचा पंप लावता येतो, कॉलमच्या मधोमध नाही लावता येत. त्यामुळे तळाकडच्या मण्यांना वरच्यांपेक्षा आंबट पाणी मिळतं. २० मिलीमोलर कीटोनला १०० मिलीमोलर बफर कसाबसा पुरतो. त्याहून दाट फीड असेल तर दोन-तीन छोटे कॉलम ओळीने लावा आणि मध्ये अल्कली सोडा.

फॉर्मेट डिहायड्रोजिनेज, बहुधा कॅन्डिडा बॉयडिनीचं, फॉर्मेटचा कार्बन डायऑक्साइड करतं. उपउत्पादन वेगळं काढावं लागत नाही आणि अभिक्रिया मागे येत नाही. मूळ रूपातलं एन्झाइम मात्र फक्त एनएडी घेतं आणि चालतं मंद, मिलिग्रॅममागे काही मोजकी युनिट्स (एक युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल). कॉलममध्ये आणखी एक त्रास आहे. २५ अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला पाण्यात सुमारे ३३ मिलीमोलर कार्बन डायऑक्साइड मावतो. थोडा बायकार्बोनेट होतो, पण दाट फीडमध्ये मण्यांमध्ये बुडबुडे धरतात आणि द्रव एकाच वाटेने पळू लागतो. बाहेरच्या टोकाला बॅक-प्रेशर रेग्युलेटर बसवला तर वायू विरघळलेला राहतो. इथे प्रोटॉन वापरला जात असल्याने पीएच वर सरकतो, म्हणून फीडमध्ये थोडं फॉर्मिक ॲसिड मिसळून ठेवतात.

हायड्रोजन वायू वापरायचाही मार्ग आहे. ऑक्सफर्डमध्ये कायली व्हिन्सेंट यांच्या गटाने कार्बनच्या कणांवर हायड्रोजिनेज आणि एनएडी रिडक्टेज शेजारीशेजारी बसवून हायड्रोजनपासून थेट एनएडीएच केला. उपउत्पादन काहीच उरत नाही, हे मला फार आवडतं. पण एन्झाइमच्या पहिल्याच कॉलमला हायड्रोजनची सुरक्षा व्यवस्था उभारायला मी कुणाला सांगणार नाही.

उलट दिशेला, म्हणजे अल्कोहोलपासून कीटोन करताना, पाणी तयार करणारं एनएडीएच ऑक्सिडेज घ्या. पण ऑक्सिजन आत पोचवणं ही तुमची जबाबदारी. एटीपी हा कोफॅक्टर फिरवायला ॲसिटेट कायनेज किंवा पॉलिफॉस्फेट कायनेज. ट्रान्सअमिनेजचा कोफॅक्टर पीएलपी एन्झाइमच्या कुशीतच बसलेला असतो, पण दिवसेंदिवस धुपतो. फीडमध्ये थोडासा ठेवला की भागतं.

क्युवेटमध्ये आधी सिद्ध करा

मोकळ्या एन्झाइमवर जे जमत नाही ते मण्यांवर जमणार नाही. एनएडीएच आणि एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. १ मिलीमोलर द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ६.२२ इतकं. मिनिटाला ०.०६२२ ने आकडा बदलला तर मिलीमागे ०.०१ युनिट, हे तोंडपाठ ठेवा. ॲसिटोफेनोनही ३४० जवळ थोडं शोषतं, म्हणून एन्झाइमविना ब्लँक न चुकता घ्या.

मोजायचं ते कॉलममधल्या खऱ्या परिस्थितीत: तोच बफर, तेच आयसोप्रोपेनॉल, आणि कोफॅक्टर जेवढा आत राहणार तेवढाच. कॅटलॉगमधलं युनिट भरपूर कोफॅक्टर घालून मोजलेलं असतं. तुमच्या कॉलममध्ये तो ०.०५ मिलीमोलर असेल तर तेच एन्झाइम निम्म्याने चालू शकतं. दोन एन्झाइमं असतील तर फिरवणारं मुख्य एन्झाइमच्या दोन-तीनपट ठेवा. ते कमी पडलं की सगळा कोफॅक्टर ऑक्सिडाइज्ड रूपात अडकतो आणि महागडं कीटोरिडक्टेज नुसतं वाट पाहत बसतं.

बफर निवडताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. एनएडीपीएच आंबट पाण्यात तुटतो, एनएडीपी अल्कलीत. मधला रस्ता ७ ते ७.५. आणि फॉस्फेट टाळा. त्यात रिड्यूस झालेला कोफॅक्टर लवकर मरतो. ट्रायइथेनॉलअमीन २५ मिलीमोलर आणि १ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, हा आमच्या उदाहरणाचा बफर.

मण्यांवर बांधणं

इपॉक्सी रेझिन किंवा इपॉक्सी लावलेला ॲगरोज घ्या. कण १५० ते ३०० मायक्रॉनचे चांगले. त्याहून बारीक घेतले तर दाब चढतो, मोठे घेतले तर सब्स्ट्रेट आतल्या गाभ्यापर्यंत पोचण्याआधीच संपतं आणि आतलं एन्झाइम फुकट जातं. बांधताना फॉस्फेट चालेल, उलट तेच बरं. ट्रिससारखा अमीन असलेला बफर एन्झाइमच्या आधी स्वतःच इपॉक्सीला चिकटतो. चुंबकाची कांडी टाकून ढवळू नका, मणी दळले जातात. बाटली आडवी ठेवून रोलरवर रात्रभर फिरवा.

सकाळी दोन गोष्टी मोजा. वरच्या पाण्यात किती प्रथिन उरलं, म्हणजे किती बांधलं गेलं. आणि धुतलेल्या मण्यांत प्रत्यक्ष किती युनिट काम करतात. हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. बांधलेल्यातलं निम्मं जरी काम करत असलं तरी मी समाधानी असते. कॉलमला मिनिटाला ४ मायक्रोमोल हवे होते ना? मण्यांवर मोजलेली किमान ४० युनिट भरा. दहापट हा अतिरेक नाही. एन्झाइम दिवसागणिक झिजतं, आणि शेवटच्या थरात सब्स्ट्रेट इतकं विरळ असतं की वेग आपोआप पडतो.

दोन एन्झाइमं असतील तर दोन्ही एकाच मण्यावर बांधा. वेगवेगळ्या मण्यांवर बांधली तर कोफॅक्टरला प्रत्येक फेरीत एका मण्यातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरावं लागतं. एका मण्यात तो शेजारच्या घरी जातो.

कोफॅक्टर आत थांबवणं

पहिला पर्याय: थांबवूच नका, फक्त कमी घाला. ०.१ ऐवजी ०.०१ मिलीमोलर. फेऱ्या २०० वरून २,००० होतात आणि कसलाही खटाटोप नाही. वेग किती पडतो ते एन्झाइमच्या कोफॅक्टरवरच्या पकडीवर अवलंबून. मण्यांवरची युनिट वाढवून तो भरून काढता आला आणि उत्पादन महाग असलं, तर इथेच थांबा. मी हे मनापासून सांगते, कारण पुष्कळ वेळा एवढंच पुरतं.

दुसरा पर्याय मेंब्रेनचा. १९८१ मध्ये जर्मनीत क्रिस्तियान वान्द्रे, मारिया-रेगिना कुला आणि सहकाऱ्यांनी एनएडी पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळीला जोडला. तो एवढा मोठा झाला की एन्झाइमबरोबर मेंब्रेनच्या आतच राहिला, आणि ल्युसीन डिहायड्रोजिनेज व फॉर्मेट डिहायड्रोजिनेजची जोडी सलग ल्युसीन देत राहिली. याच एन्झाइमजोडीवर पुढे डेगुसा या जर्मन रसायन कंपनीने टर्ट-ल्युसीनचं उत्पादन केलं. मेंब्रेनच्या बाबतीत आकडा नीट वाचा. ९९ टक्के अडवतं म्हणजे छान, असं वाटतं; पण नीट ढवळलेल्या रिॲक्टरचं पाणी शंभर वेळा बदललं की जेमतेम ३७ टक्के कोफॅक्टर उरतो. ९९.९ असेल तर तीच अवस्था हजार वेळा पाणी बदलल्यावर येते. दशांश चिन्हामागच्या त्या ९ ची किंमत एवढी आहे.

तिसरा पर्याय मला प्रयोगशाळेसाठी सर्वांत आवडतो: मण्यावर पॉलिइथिलीनइमीनचा थर. कोफॅक्टरवर फॉस्फेटचे ऋणभार असतात, या पॉलिमरवर धनभार. कोफॅक्टर चिकटतो, पण घट्ट नाही. सुटतो, एन्झाइमकडे जातो, पुन्हा चिकटतो. स्पेनमधल्या फर्नांदो लोपेस-गायेगो यांच्या गटाने हे तंत्र चांगलं रुजवलं. कृती अशी: आधी एन्झाइम बांधून धुवा. मग मिलीमागे १० मिलिग्रॅम पॉलिइथिलीनइमीनचं द्रावण, पीएच ८ ला आणून, मण्यांबरोबर फिरवा. उरलेल्या इपॉक्सी गटांना ते पक्कं जोडलं जातं. भरपूर धुवा. मण्यांची युनिट पुन्हा मोजा, कारण काही एन्झाइमांना हा थर मानवत नाही. शेवटी १० मिलीमोलर बफरमध्ये १ मिलीमोलर एनएडीपी घेऊन तासभर फिरवा आणि वरच्या पाण्यात किती उरला ते पाहा. गेलेला भाग मण्यांवर आहे.

या थराचा शत्रू मीठ. क्लोराइड, फॉस्फेट, फॉर्मेट, ग्लुकोनेट यांतलं काहीही दाट झालं की कोफॅक्टरची जागा घेतं आणि तो वाहून जातो. म्हणून हा थर आणि आयसोप्रोपेनॉल यांची जोडी जमते, ग्लुकोजबरोबर ओढाताण होते. फिरवणारा जोडीदार आणि धरून ठेवण्याची रीत एकत्र निवडायची, ती यासाठी.

चौथा पर्याय पक्क्या बंधाचा: लवचीक साखळीच्या टोकाला कोफॅक्टर. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या गटाने कोफॅक्टर अशा साखळीने एन्झाइमच्याच अंगाला बांधला आणि ओळीने लावलेल्या कॉलममधून डी-फॅगोमाइन हे साखरेसारखं रसायन बनवलं. गळती थांबते, मीठही चालतं. पण प्रथिनाची रचना स्वतः करण्याची सोय हवी, आणि बांधलेला कोफॅक्टर मेला की बदलता येत नाही.

कॉलम भरणं आणि चालवणं

पाणी आणि आयसोप्रोपेनॉल मिसळलं की द्रावण कोमट होतं आणि बारीक बुडबुडे सुटतात. ताजं मिसळलेलं फीड कॉलमवर लावलंत तर तेच बुडबुडे आत सुटतील. आदल्या दिवशी मिसळा, व्हॅक्यूमखाली हवा काढा. सिलिकॉनची नळी वापरू नका. ॲसिटोफेनोन तिच्या भिंतीत शोषलं जातं आणि पहिल्या दिवशीचे आकडे खोटे येतात. पीटीएफईची नळी आणि एचपीएलसीचा पंप किंवा सिरिंज पंप बरा.

मण्यांचा रबडा भिंतीवरून सावकाश ओता, मणी कोरडे पडू देऊ नका. खालून वर बफर सोडून हवा काढा, मग वरून खाली चालवा. पहिला तासभर फक्त बफर, आणि बाहेर आलेल्या पाण्यात एन्झाइमची युनिट मोजा. तिथे काही सापडलं तर बांधणी कच्ची आहे, पुढे जाऊ नका. मग फीड लावा, पण कॉलममधलं पाणी तीन-चार वेळा बदलेपर्यंतचे आकडे धरू नका.

इथे माझी एक चूक सांगते. ब्रेव्हिसच्या एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं. मी बांधणीच्या बफरमध्ये ते घातलं होतं आणि फीडमध्ये विसरले. संध्याकाळी रूपांतर ९० टक्क्यांच्या वर होतं, सकाळी निम्म्याखाली. मी दोन दिवस कोफॅक्टरमागे धावले, नवा एनएडीपी भरला, काहीच फरक नाही. बॅचमध्ये एन्झाइमबरोबर आलेलं मॅग्नेशियम भांड्यातच राहतं. कॉलममध्ये ते रात्रभर वाहून गेलं होतं. एन्झाइमला जे जे लागतं आणि जे बांधलेलं नाही, ते सगळं फीडमध्ये हवं. पाणी मऊ करायला कुणी मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलेलं नाही ना, हेही विचारून घ्या.

रूपांतर पडू लागलं तर

कोफॅक्टर गेला की एन्झाइम मेलं, हे ओळखायला एक चाचणी आहे. फीड न थांबवता कॉलमच्या तोंडाशी १ मिलीमोलर कोफॅक्टर असलेल्या फीडचा अर्धा मिली सोडा आणि पुढचा तासभर दर पाच मिनिटांनी नमुना घ्या. रूपांतर उसळून वर आलं तर कोफॅक्टर गळला होता. तोच पुन्हा भरून कॉलम चालवता येईल. हललं नाही तर एन्झाइमकडे वळा. मग वेग निम्मा करा: रूपांतर बरंच सुधारलं तर एन्झाइम थोडं उरलंय, हळू चालवून काही दिवस काढता येतील. तेही नाही झालं तर वरचे आणि खालचे मणी वेगळे काढून मोजा. फक्त वरचे मेले असतील तर दोष फीडमध्ये आहे, बहुधा कीटोनच्या दाटपणात किंवा त्यातल्या अशुद्धीत. सगळे सारखे मेले असतील तर तापमान किंवा आयसोप्रोपेनॉल.

बाहेर किती कोफॅक्टर जातोय ते रोज मोजा. एनएडीपी ऑक्सिडाइज्ड रूपात असेल तर ३४० ला दिसणार नाही, म्हणून नमुन्यात थोडं ग्लुकोज आणि मोकळं ग्लुकोज डिहायड्रोजिनेज घालून, आधीचा आणि नंतरचा फरक घ्या. आयसोप्रोपेनॉलमुळे ते मंदावलं तर नमुना पातळ करून एन्झाइम थोडं जास्त घाला. दिवसाच्या हिशेबात गळालेला कोफॅक्टर मांडलात की भरलेला साठा किती दिवस पुरेल ते आधीच कळतं, आणि पुन्हा भरण्याचा दिवस रूपांतर पडायच्या आधी ठरवता येतो. पुन्हा भरताना फीड थांबवा, आयसोप्रोपेनॉलविना १० मिलीमोलर बफरने कॉलम धुवा, मग एनएडीपी सावकाश फिरवा, आणि वरच्या पाण्यातला आकडा स्थिर झाला की फीड परत लावा.